पुढचं चाक नांगर झालं होतं: तीन चाकी गाडी खोल बर्फात चालवायची एक केस

फेब्रुवारीतली सकाळ, साडेसात वाजले असतील, पोहे नुकतेच ताटलीत पडले होते आणि भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. तो कॅनडात ब्रिटिश कोलंबियात रेव्हलस्टोकजवळ राहतो, आपले सकाळचे साडेसात म्हणजे त्याच्याकडे आदल्या संध्याकाळचे सहा, अंधार पडलेला, डोक्याला टॉर्च बांधलेली आणि त्या उजेडात दिसतंय काय तर त्याची तीन चाकी गाडी सीटपर्यंत बर्फात रुतलेली. "मामा, पाऊण तास खोदतोय, निघतच नाहीये." मी म्हटलं अरे आधी घरात जा, हात शेकव, गाडी कुठे पळून जात नाही, आणि उद्या उजेडात खोदायच्या आधी तिचा बाजूने एक फोटो काढ, आहे तशी, अजिबात न हलवता. त्या एका फोटोवरून पुढचं वर्षभराचं काम निघालं, ते सगळं इथे नीट लिहून ठेवतोय कारण बर्फातल्या गाडीवर मराठीत कुणी लिहिलेलं मला तरी शोधून सापडलं नाही.

माझी इंदूरला सांवेर रोडवर छोटी शेड आहे, दोन लेथ, एक मिलिंग, वेल्डिंग, बस. बर्फ मी आयुष्यात एकदाच पाहिलाय, मनालीला, तोही दुपारचा वितळणारा. पण ऑफ-रोड गाड्यांचा संबंध जुना आहे, पिथमपूरच्या ट्रॅकवर २००७ पासून बाजा एसएई इंडिया ही स्पर्धा होते ना, इंजिनीअरिंगच्या पोरांनी स्वतः बांधलेल्या गाड्यांची, त्यातल्या काही टीम्सचे हब आणि एक्सल माझ्याकडे टर्न झालेत. तिथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. इंजिन सगळ्यांना सारखंच मिळायचं, १० हॉर्सपॉवरचं, तरी एक गाडी चिखलातून सरळ निघून जायची आणि दुसरी त्याच जागी पोटावर बसायची. म्हणजे फरक इंजिनात नव्हता, वजन किती आणि ते जमिनीवर कसं उतरतंय त्यात होता.

आता गाडीबद्दल. भाच्याच्या भाड्याच्या घरामागच्या शेडमध्ये आधीच्या भाडेकरूने सोडलेली, ऐंशीच्या दशकातली, दोनशे सीसी, एअर-कूल्ड, चेन ड्राइव्ह, दोरी ओढून चालू करायची. पुढे एक फुगीर चाक, मागे दोन, टायर २५ इंच उंच आणि १२ इंच रुंद. मागे डिफरन्शियल नाही, एकच अखंड एक्सल, दोन्ही चाकं कायम बरोबर फिरणार. आणि गंमत अशी की ही गाडी जन्मली तीच थोडीफार बर्फामुळे. साठच्या दशकाच्या शेवटी होंडाच्या अमेरिकेतल्या डीलर लोकांना हिवाळ्यात विकायला काहीतरी हवं होतं, थंडीत मोटरसायकल कोण घेतो, म्हणून ओसामु ताकेउची या इंजिनीअरला काम दिलं आणि त्यातून १९७० मध्ये ८९ सीसीची, बलून टायरवाली तीन चाकी आली. पुढे या गाड्या उलटून इतके लोक जखमी झाले, काही गेले, की अमेरिकेत १९८८ मध्ये सरकारी समझोत्यानंतर कंपन्यांनी नव्या तीन चाकी विकणं थांबवलं. हे भाच्याला मी पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि त्याच्या आईला म्हणजे ताईला नाही सांगितलं, ते तिला नंतर कळलं आणि मी बोलणी खाल्ली, बरोबरच होतं तिचं.

त्याची गरज साधी होती. मोठ्या रस्त्यापासून घरापर्यंत ९०० मीटरची खाजगी वाट, ती कुणी साफ करत नाही, आणि घर लाकडाच्या शेगडीवर गरम होतं. म्हणजे लाकडं, किराणा, सिलिंडर सगळं त्या वाटेवरून आणायचं. स्नोमोबाइल घ्यायचे पैसे नव्हते, गाडी फुकट पडलेली होती. डोंगरावर, उतारावर जायचं नाही हे आधीच ठरलं, हिमस्खलनाच्या भागात असली घरी बदललेली गाडी न्यायची नाही, फक्त ही सपाट वाट.

फोटो आला. तो मी मोबाइलवर मोठा करून करून पाहिला. मागची चाकं गाडलेली, ठीक आहे, ते अपेक्षित होतं. पण पुढच्या चाकासमोर बर्फाचा ढीग होता, चाकाच्या उंचीपेक्षा वर, आणि मागे जी रेघ उमटली होती ती गुडघ्याएवढी खोल. म्हणजे पुढचं चाक फिरतच नव्हतं, इंजिनचा जोर मागून ढकलत होता आणि पुढचं चाक नांगरासारखं बर्फ ढकलत ढकलत शेवटी स्वतःच बांध घालून थांबलं होतं. दुसरी गोष्ट मला कागदावर तीन रेघा काढल्यावर सुचली. चार चाकी गाडीत मागची चाकं पुढच्या चाकांनी दाबलेल्या चाकोरीतून येतात, अर्धं काम आधीच झालेलं असतं. तीन चाकीत पुढचं चाक मधोमध, मागची दोन कडेला, तिघेही आपापला नवा बर्फ फोडतात. तीन स्वतंत्र चाकोऱ्या. म्हणून खोल बर्फात तीन चाकीचं हे दुखणं जास्त.

तिकडच्या ओळखीच्या लोकांनी त्याला सांगितलं होतं चाकांना साखळ्या लाव. त्याने लावल्या, आणि त्यामुळेच ती सीटपर्यंत गेली. साखळी घट्ट बर्फावर किंवा काचेसारख्या बर्फावर उत्तम, दातासारखी पकडते. पण दोन फूट भुसभुशीत बर्फात पकडायला खाली काही नाहीच, मग ती नुसती खणते, चाक फिरतं, खड्डा खोल होतो, पोट टेकतं, संपलं. आपल्या माळव्यात काळ्या मातीत पावसाळ्यात ट्रॅक्टर फसल्यावर नवखा ड्रायव्हर एक्सिलरेटर देत राहतो ना, अगदी तसं. बैलगाडीच्या लाकडी चाकाला अरुंद लोखंडी धाव असायची ती पावसात रुतायची आणि टायरगाडी त्याच वाटेने निघून जायची, हे आजोबांच्या शेतावर डोळ्यांनी पाहिलंय. तर आधी तरंगायचं, मग पकडायचं. हा क्रम उलटा केला की सगळं चुकतं, आणि मला वाटतं निम्मे लोक उलटाच करतात.

मग हिशोब मांडला, वहीच्या एका पानावर, अंदाजे पण कामापुरता. गाडी, स्वार आणि त्याचे कपडे-बूट मिळून २३५ किलो. पुढे साधारण ७०, मागे १६५. बर्फात थोडं रुतल्यावर एका चाकाची जागा ३० बाय ५० सेंटिमीटर धरली तर १५०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे पुढे दर चौरस सेंटिमीटरवर ०.०४७ किलो, मागे ०.०५५. चालणाऱ्या माणसाच्या एका बुटाखाली दाब ०.३ च्या वर जातो, म्हणून माणूस मांडीपर्यंत जातो आणि ही गाडी त्यामानाने बरीच हलकी उतरते, पण स्नोमोबाइलचा दाब असतो साधारण अर्धा पीएसआय (दर चौरस इंचावर अर्धा पाउंड), म्हणजे ०.०३५. टार्गेट मिळालं. मागे ०.०३५ च्या आसपास आणा, पुढे त्याहूनही कमी, कारण पुढचं टोक वर राहिलं तरच गाडी बर्फावर चढते.

पुढे स्की लावायची हे लगेच ठरलं, मागे काय करायचं त्यावर महिनाभर चर्चा झाली. ट्रॅक किट म्हणजे रणगाड्यासारखे पट्टे, ते महाग आणि त्या जुन्या एक्सलला झेपलं नसतं. शेवटी डबल चाकं. भातशेतीत ट्रॅक्टरला बाहेरून जादा चाक जोडतात त्या धर्तीवर. पण बाहेरचं चाक आम्ही मुद्दाम लहान घेतलं, २२ इंची, ११ इंच रुंद, जुन्या छोट्या तीन चाकीचं, त्याला भंगारात दोन मिळाले. कारण कडक जमिनीवर फक्त आतलं २५ इंची टेकेल, बाहेरचं हवेत राहील आणि एक्सलवर लांब दांडीचा भार येणार नाही, बर्फात आतलं दोन-तीन इंच बुडालं की बाहेरचंही कामाला लागेल. ही युक्ती भाच्याचीच, मला नव्हती सुचली.

आता दोन चाकांच्या मध्ये स्पेसर हवा, चांगला ३२० मिलिमीटर लांब, आणि तो बनवायचा इंदूरला. दिवाळीला तो येणार होता, बॅगेतून नेणार होता. माप आलं व्हॉट्सअ‍ॅपवर आणि तिथेच पहिली गडबड. चार बोल्टचा हब, त्याने शेजारशेजारच्या दोन बोल्टचं अंतर मोजून तेच पीसीडी, म्हणजे बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास, म्हणून पाठवलं. समोरासमोरचं अंतर हवं, शेजारचं असेल तर त्याला १.४१४ ने गुणावं लागतं. मला आकडा फारच लहान वाटला म्हणून थांबलो, नाहीतर दोन फ्लँज, म्हणजे स्पेसरच्या टोकाच्या भोकं पाडलेल्या चकत्या, वाया गेल्या असत्या. मग त्याला म्हटलं हबवर कागद धर आणि पेन्सिल आडवी करून घास, लहानपणी नाण्याचा ठसा काढायचास तसा, आणि त्याच कागदावर स्टीलची पट्टी ठेवून अगदी वरून फोटो काढ. तो ठसा आला, काळसर कागदावर चार पांढरी भोकं, मधला बोअर, एका भोकाची कड जरा खाल्लेली ती सुद्धा दिसत होती. पट्टीवरून स्केल लावलं, प्रिंट काढली, पुठ्ठ्याचं टेम्प्लेट कापलं, आणि त्यावर काम केलं. भाचा दिवाळीत आला तेव्हा जुन्या चाकाची सेंटर प्लेट कापून घेऊन आला होता, त्यावर स्पेसर बसवून पाहिला, चारही बोल्ट हाताने गेले. त्या क्षणी फार बरं वाटलं.

बनवायची पद्धत सांगतो कारण इथेच लोक चुकतात. इंदूरच्या सियागंज बाजारातून ४ मिलिमीटर जाडीचा सीमलेस पाइप, दोन्ही टोकांना ८ मिलिमीटरच्या फ्लँज. आधी फ्लँज फेस करून, म्हणजे लेथवर तोंड सपाट करून, मग वेल्ड केलं तर वेल्डिंगच्या उष्णतेने ती ओढली जाते आणि चाक डुलतं. म्हणून आधी वेल्ड, थंड होऊ द्यायचं, मग पूर्ण जॉब लेथवर घेऊन दोन्ही तोंडं फेस करायची, डायल गेज लावून. माझ्या कारागिराने पहिल्या जॉबला तीन वेळा सेटिंग केलं, ०.१ मिलिमीटरच्या आत येईपर्यंत सोडलंच नाही. एकेक स्पेसर सहा किलोला थोडा कमी. एअरपोर्टवर एक्स-रेत ते दोन नळकांडे बघून बॅग उघडायला लावली, पेन्सिलचा ठसा आणि गाडीचा फोटो दाखवल्यावर सोडलं.

स्कीचं पण थोडं सांगतो. आधीच्या हिवाळ्यात त्याने तिकडेच लोखंडी पत्रा वाकवून एक करून पाहिली होती, तिला खाली बर्फ चिकटून गोळा व्हायचा. लोखंड उष्णता पटकन इकडून तिकडे नेतं, घर्षणाने जे थोडं पाणी होतं ते लगेच परत गोठून चिकटतं. प्लास्टिकवर ते होत नाही. स्नोमोबाइलच्या जुन्या प्लास्टिकच्या स्की भंगारात स्वस्त मिळतात, त्या दोन शेजारीशेजारी जोडल्या, मिळून ३४ सेंटिमीटर रुंद, खाली टेकणारी लांबी ९० च्या आसपास. चाकाच्या जागी एक्सलमध्ये बसेल असं खोगीर मी इंदूरहून दिलं, आणि बाजाच्या पोरांकडून शिकलेली एक सवय, एका भोकाऐवजी ओळीने तीन भोकं, पाच-पाच सेंटिमीटरवर, म्हणजे स्की पुढेमागे सरकवता येईल.

ती सवय कामी आली. डिसेंबरच्या पहिल्या टेस्टला मधल्या भोकावर गाडी तरंगली छान, पण थोडा वेग घेतला की हँडल हातातून हिसकायला लागलं. स्कीच्या खाली जी उभी पट्टी असते, वळायला पकड देणारी, तिचा जास्त भाग हँडलच्या रेषेच्या पुढे येत होता. सामानाच्या ट्रॉलीचं फिरतं चाक बघा, ते मागे लोंबतं म्हणून सरळ राहतं, पुढे करून ढकललं तर गर्रकन वळतं. स्की पाच सेंटिमीटर मागे घेतली, हँडल शांत झालं. पण आता पुढचं टोक आखूड पडलं आणि खड्ड्यावरून उडाल्यावर टोक खाली घुसायला लागलं. मग सायकलच्या ट्यूबची रुंद पट्टी फोर्कपासून टोकाला ताणून बांधली, टोक कायम वर ओढलेलं. ती पट्टी आजही तीच आहे.

सगळं जोडून वजन झालं २६५ किलो. पुढे स्कीखाली दाब ०.०२५, मागे चार चाकांखाली ०.०३४. स्नोमोबाइलच्या बरोबरीला आलो.

आता हवेचा विषय, आणि या पूर्ण केसमध्ये मला सर्वात जास्त शिकवलं ते यानेच. या टायरमध्ये हवा असते फक्त २.२ पीएसआय, साध्या गेजवर काटा हलत सुद्धा नाही, शून्य ते दहाचं गेज वेगळं घ्यावं लागतं. भाचा गरम गॅरेजमध्ये, १८ डिग्रीत, बरोबर २.२ भरायचा आणि बाहेर उणे १५ मध्ये निघायचा, आणि दहा मिनिटांनी टायर लुळा, रिमवरून सरकायला बघतोय. तो पंक्चर शोधत बसला दोन दिवस, साबणाचं पाणी लावून, गॅरेजमध्ये, जिथे अर्थातच काहीच सापडत नव्हतं. हिशोब केला तेव्हा उलगडलं. गेज दाखवतं ते बाहेरच्या हवेच्या वरचं, खरा दाब धरायचा बाहेरच्या हवेसकट. रेव्हलस्टोक समुद्रसपाटीपासून साधारण ४८० मीटर, इंदूरपेक्षा थोडं कमीच, तिथे बाहेरची हवा १३.९ धरा, अधिक २.२ म्हणजे १६.१. तापमान १८ वरून उणे १५ म्हणजे केल्व्हिनमध्ये २९१ वरून २५८, दाब त्याच प्रमाणात उतरून १४.३. त्यातून बाहेरचे १३.९ वजा केले की उरले जेमतेम ०.४. कार टायरमध्ये ३२ असतात, त्यातले तीन-चार-पाच गेले तर ड्रायव्हरला कळतही नाही, इथे मुळात दोनच होते. उपाय एकच, टायर बाहेर थंड होऊ द्यायचे आणि बाहेरच हवा भरायची. तेव्हापासून आतल्या चाकांत २, बाहेरच्यात १.५, आणि गाडी रात्री गॅरेजमध्ये घ्यायचीच नाही.

बाकीची कामं पटकन सांगतो. पुढचं स्प्रॉकेट दोन दात कमी केलं, गाडी हळू झाली पण चार चाकं न हापसता ओढते. उणे १५ ची हवा आपल्या २५ डिग्रीच्या हवेपेक्षा सुमारे १५ टक्के घट्ट, म्हणून मेन जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं भोक, एक नंबर मोठा. ऑइल पातळ, कडक थंडीतही वाहणारं, शून्य डब्ल्यूचं. एअर फिल्टरचं तोंड खाली होतं तिथे उडणारी बर्फाची पूड शिरून फिल्टर गोठायचा, रबरी नळीने ते हँडलजवळ वर आणलं. पुढचा ब्रेक स्कीबरोबर गेलाच, राहिला मागचा ड्रम, आणि त्यात वितळलेलं पाणी रात्री गोठून चाक जाम व्हायचं, त्यावर जुना उपाय, थांबायच्या आधी शंभरएक मीटर ब्रेक हलका दाबून चालवायचं म्हणजे ड्रम गरम होऊन वाळतो, आणि पार्किंग ब्रेक लावून ठेवायचा नाही.

एका गोष्टीवर मी अडून बसलो ती पायाची. तीन चाकीवर बसलेला माणूस घाबरला की सवयीने पाय खाली टेकवतो, मोटरसायकलसारखा, आणि मागचं चाक त्याच्या टाचेवर चढून त्याला खाली ओढतं. डबल चाकांनी रुंदी आणखी वाढली, म्हणजे धोकाही. म्हणून फूटपेगच्या मागे पत्र्याची पूर्ण जाळी, टाच मागे जाऊच शकणार नाही अशी. ती लावल्याचा व्हिडिओ येईपर्यंत मी स्पेसर बसवायला होच म्हटलं नाही. वळताना काय करायचं तेही परत परत सांगितलं, अखंड एक्सल असल्याने हँडल वळवलं तरी गाडी सरळच जायला बघते, तर अंग आत झुकवायचं पण वजन बाहेरच्या पायावर द्यायचं म्हणजे आतलं चाक हलकं होऊन घसरतं आणि गाडी वळते. त्याने सपाट जागेवर दोन संध्याकाळी नुसती ही प्रॅक्टिस केली, हेल्मेट घालून.

जानेवारीत दोन रात्रीत ६० सेंटिमीटर बर्फ पडला, दुसऱ्या दिवशी भाचा निघाला. व्हिडिओत दिसतंय, स्की वर, समोर ढीग नाही, मागे चाकोऱ्या आणि त्यात त्याने मोजपट्टी उभी करून दाखवली, १७ सेंटिमीटर. ९०० मीटर न थांबता. परत येताना मागे घसरगाडीवर लाकडं. एकदा फसला, वाटेच्या कडेला उतार आहे तिथे एका बाजूचं वजन खालच्या चाकांवर गेलं आणि ती खणायला लागली, पण यावेळी त्याने लगेच गॅस सोडला, उतरून पायाने पुढचा बर्फ तुडवला, पाच मिनिटांत बाहेर.

आणि माझी चूक. चौथ्या फेरीत डाव्या स्पेसरचे दोन नट ढिले मिळाले. गंज लागू नये म्हणून मी इंदूरलाच पूर्ण स्पेसरवर रंग मारला होता, फ्लँजच्या तोंडांवरसुद्धा. रंगाचा थर दाबला जातो, झिजतो, आणि तेवढीच नटाची ताण जाते. एकमेकांवर टेकणारी तोंडं कोरी ठेवायची असतात, हे मला पाठ आहे आणि तरी घाईत मारला, दिवाळीच्या आदल्या रात्री. चाक निघून आलं असतं तर काय झालं असतं ते मनात आलं की अजूनही बरं वाटत नाही. त्याने रंग खरवडून काढला, नट परत टॉर्कने कसले, आता दर दोन फेऱ्यांनी बघतो.

मार्चमध्ये बर्फ कमी झाल्यावर मागचं चाक उचलून हाताने हलवून पाहिलं तर डाव्या बेअरिंगला किंचित प्ले होता, उजव्याला नाही. डबल चाकांचा भार आहे की बेअरिंग आधीपासूनच जुनं होतं ते बाहेर काढल्यावर कळेल, कॅरिअरमध्ये, म्हणजे त्याच्या घरात, गंजून बसलंय, तो पुलर मागवतोय. मी त्याला म्हटलंय की बेअरिंगच्या कडेवरचा नंबर फोटो काढून पाठव, आणि यावेळी कॅरिअरच्या बोअरचं माप तीन ठिकाणी घे, आडवं, उभं आणि तिरकं, म्हणजे तो गोल राहिलाय का लांबट झालाय ते मला इथे बसून समजेल. लांबट झाला असेल तर पुढच्या दिवाळीच्या बॅगेत बुश जाणार.